गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर संशोधन : आयुष्याचे काम म्हणून कसे?

मुलुंडची_खिडकी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

माझी मुलगी मुंबईतील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागातील नोकरी तिच्यासाठी जवळजवळ पक्की झाली आहे. तिला मात्र तलाव आणि नद्यांतील सूक्ष्मजीवांवर पीएच.डी. करायची आहे. मी ३१ वर्षे बँकेत काढलेला माणूस. 'पाच वर्षांनी काय होईल ते आज सांगता येत नाही' हे उत्तर मला सहजी पचत नाही, आणि ती दर वेळी नेमके हेच उत्तर देते.

या साऱ्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत झाली. दीड वर्षापूर्वी तिने पवई तलावाच्या काठचा गाळ आणला, त्यात वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याचा बलक आणि खडूची पूड कालवली, तो सारा लगदा दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरला, वर तलावाचेच पाणी ओतले आणि बाटली उजेडात ठेवून दिली. पहिले काही आठवडे नुसता चिखल दिसे आणि वास येई. माझी आई रोज विचारी, "अगं, हे कुजकं पाणी टाकणार कधी?" मग तळाशी डांबरासारखा काळा थर धरला, त्याच्या वर हिरवा पट्टा उमटला आणि त्याच्याही वर, एका बाजूला, वांग्याच्या सालीसारखा जांभळा डाग पसरू लागला. आता आईच आल्यागेल्याला ती बाटली दाखवते.

बाटली मलाही आवडते, पण बाटलीवर संसार चालत नाही. असा शास्त्रज्ञ दिवसभर नेमके काय करतो, मुंबईत राहून हे काम होते का, आणि चाळिशीत पोहोचल्यावर त्याच्या हाती काय असते, हे या क्षेत्रातील कोणी सांगितले तर मोठे उपकार होतील. 'मुलांना त्यांच्या आवडीचे करू द्यावे' हा सल्ला मला घरातून पुरेसा मिळाला आहे.

जलचर

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. या कामात मला २२ वर्षे झाली. त्यांपैकी बरीच वर्षे मुंबई आणि ठाणे परिसरातील तलावांवर गेली.

आधी बाटलीबद्दल. ही पद्धत सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाची आहे आणि ती १८८० च्या दशकापासून चालत आली आहे. कागदातील सेल्युलोज कुजताना प्राणवायू संपतो, बलकातील गंधकापासून तळाशी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो (आजींना आलेला वास तोच), त्याच्यामुळे गाळातील लोह काळे पडते, आणि वर ज्या उंचीवर हा वायू व उजेड दोन्ही पुरेसे मिळतात तेथे हिरवे आणि जांभळे गंधकजीवाणू आपापली जागा धरतात. जांभळा डाग एकाच बाजूला आला असेल तर ती बहुधा खिडकीकडची, उजेडाची बाजू असावी. बाटली फिरवू नये. आपल्या घरात तळ्याच्या तळाचा एक उभा काप वाढतो आहे आणि कोणता जीव कोठे राहतो व का, हा या विषयाचा मूळ प्रश्न त्यात उघड दिसतो आहे.

आता दिवसाबद्दल. नमुने घेण्याच्या दिवशी आम्ही साडेपाचला निघतो, कारण ऊन चढले की शैवालाचे प्रकाशसंश्लेषण सुरू होऊन पाण्यातील प्राणवायू आणि सामू दोन्ही बदलू लागतात, आणि मागच्या महिन्याशी तुलना करायची तर वेळही तीच हवी. आदल्या दिवशी बाटल्या तपकिरी कागदात गुंडाळून ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून) काढलेल्या असतात. लेबल शिसपेन्सिलीने लिहायचे आणि ते झाकणावर न लावता बाटलीवर लावायचे, कारण झाकणांची अदलाबदल होते. बाटली पृष्ठभागाखाली उघडायची, भरायची, पाण्याखालीच बंद करायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. पवईत मगरी आहेत, त्यामुळे परवानगी आणि सोबत या दोन्हींशिवाय पाण्यात पाय घालायचा नसतो. प्रयोगशाळेत आल्यावर तेच पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणकागदातून ओढतो. स्वच्छ जलाशयाचे लिटरभर पाणी सरळ उतरते. जलपर्णी कुजत असलेल्या कोपऱ्यातले पाणी मात्र दोनशे मिलिलिटरच्या आतच कागद तुंबवते, आणि मग पंपाशेजारी स्टुलावर बसून थेंब मोजण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. त्या कागदावरून डीएनए काढायचा, त्यातील १६एस या, जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाचा क्रम वाचून घ्यायचा आणि पुढचे काही आठवडे संगणकासमोर बसून कोण कोण होते याची यादी लावायची. वेळेचा हिशेब मांडला तर तळ्यावर जेमतेम दशांश जातो, बाकी सगळा बंद खोलीत. तळ्याच्या ओढीने आलेली मुले येथेच हिरमुसतात.

मौजेचा भाग असा, की तलावाच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारणपणे दहा लाखांच्या घरात जीवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दसपट. पण तेच पाणी नेहमीच्या पोषक माध्यमावर पसरले तर त्यांच्यापैकी एक टक्काही वाढून दिसत नाहीत. स्टॅली आणि कोनोप्का या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये या तफावतीला दिलेले 'ग्रेट प्लेट काउंट अनॉमली' (बशीवरील मोजणीतील मोठी विसंगती) हे नाव अजून वापरात आहे. अनेक तलावांत सर्वाधिक संख्येने आढळणारा अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियांचा एक गट तर कित्येक वर्षे केवळ जनुकक्रमावरूनच ठाऊक होता. त्याला प्रयोगशाळेत जगवणे अगदी अलीकडे जमू लागले. ज्याला आपण 'पाणी' म्हणतो त्यातील बहुतेक रहिवाशांशी आपली तोंडओळखसुद्धा नाही. आपली मुलगी पाच वर्षांचे उत्तर देऊ शकत नाही, याचे एक कारण हेही आहे.

चाळिशीबद्दल उद्या लिहीन. ते जरा कडू आहे.

हिशेबी_गोविंद

विषयाबद्दल आदर ठेवून विचारतो. पालिका पाण्यात क्लोरीन घालते, घरी आपण ते उकळतो किंवा यंत्रातून काढतो. मग तलावात कोण राहतो याची यादी करण्यासाठी एखाद्याने आयुष्य का घालवावे, आणि त्यासाठी सरकारने पैसे का द्यावेत?

निवृत्त_जलपरीक्षक

गोविंदरावांच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्या अंगणातला आहे. मी पाणी तपासण्यात नोकरी घालवली.

मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते १८६० मध्ये पूर्ण झालेल्या विहार तलावामुळे. त्यानंतर तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असे करत शहर पाण्यासाठी उत्तरेकडे लांब लांब गेले, आणि १८९१ चा पवई मात्र पिण्यायोग्य पाणी देऊ न शकल्यामुळे मागेच राहिला. माझे काम साधे होते. मॅकॉन्की माध्यमाच्या १५ नळ्या, प्रत्येकीत उलटी घातलेली चिमुकली डरहॅम नळी, त्यात ठरावीक मापाने पाणी, ३७ अंशांवर ४८ तास. डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा अडकला की कोलिफॉर्मचा (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण समजल्या जाणाऱ्या जीवाणूंचा) संशय घ्यायचा, पुढची खात्री करायची, कोष्टकातून आकडा काढायचा. नळाला क्लोरीन असते, म्हणून त्या नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे लागते; ते विसरले तर क्लोरीन बाटलीतच जीवाणू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. एका नव्या सहकाऱ्याने आठवडाभर हे विसरून 'सर्व नमुने उत्तम' असे लिहिले होते. साहेब खूश झाले होते, हे सांगायला आजही लाज वाटते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. आम्हाला विचारले जाई ते एवढेच : आहे की नाही? का आहे, कोठून आले, पावसाच्या पहिल्या आठवड्यातच का वाढले, हे विचारायला ना वेळ होता ना अधिकार. 'जलचर' यांच्यासारखी माणसे हे 'का' शोधतात. आम्हा तपासनिसांना त्यांची गरज होती, पण आमच्या आणि त्यांच्या मध्ये टेबल नावाची वस्तू होती आणि तिच्यावरून कागद सरकत नसत.

जलचर

काका, ते थायोसल्फेट मी पहिल्याच तासाला शिकवते.

गोविंदराव, तुमच्या प्रश्नाला दोन उदाहरणे देते. पहिले ऑगस्ट २०१४ चे, अमेरिकेतील टोलेडो शहराचे. ईरी सरोवरातील मायक्रोसिस्टिस या नीलहरित जीवाणूचे मायक्रोसिस्टिन नावाचे विष शुद्धीकरण केंद्रातून पुढे नळापर्यंत आले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने ते विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून अधिक घट्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडच्या तलावांवर उन्हाळ्यात पोपटी रंगाच्या तेलकट सायीसारखा तवंग येतो त्यात हाच मायक्रोसिस्टिस पुष्कळदा असतो. त्याच्या काही वाणांत विष बनवणारी जनुके असतात, काहींत नसतात, आणि रंगावरून हा फरक कळत नाही. तो सांगायला कोणीतरी त्या पाण्याची ओळख ठेवलेली असावी लागते, आणि ती तवंग येण्याच्या आधीपासूनची लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांचे. पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू रुग्णाच्या शरीराबाहेर फार टिकत नाही, अशी समजूत असताना तो खाडी-नदीच्या पाण्यातला कायमचा रहिवासी आहे, कोपेपॉड या बारीक जलचरांना चिकटून राहतो आणि प्रतिकूल काळात जिवंत असूनही माध्यमावर वाढत नाही, हे त्यांनी अनेक वर्षे मांडले. बराच काळ पुष्कळांना ते पटले नाही. जंतू कोपेपॉडवर बसून येत असेल तर कोपेपॉड गाळून काढले तरी पुरे, या तर्काने पुढे बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. हंड्याच्या तोंडावर नऊवारीचा तुकडा बांधणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते; मात्र नवी कोरी साडी चालत नाही, वापरून धागे मऊ आणि फुगीर झालेलीच लागते, हे मोजून दाखवायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञच लागला.

शुद्धजल_ठाणे

मी औषध कंपनीच्या त्याच विभागात ११ वर्षे आहे, जेथे धागाकर्त्यांच्या कन्येला नोकरी मिळू घातली आहे. या विभागाला कोणी 'तडजोड' समजू नये, म्हणून लिहिते.

आमचे निम्मे काम पाण्याचेच आहे. शुद्धीकृत पाण्यात मिलिलिटरला १०० पेक्षा अधिक जीवाणू चालत नाहीत, आणि इंजेक्शनच्या पाण्यात १०० मिलिलिटरला १०. पोलादी नळ्यांतून सतत फिरणाऱ्या, जवळजवळ काहीच पोषण नसलेल्या त्या पाण्यातही जीवाणू भिंतीला पातळ थर धरून राहतात. कोठून आले? मूळ पाण्यातूनच. त्यांना पकडण्यासाठी आम्ही जे आर२ए माध्यम वापरतो ते पिण्याच्या पाण्यासाठी १९८५ मध्ये तयार झाले. त्यात मुद्दाम अन्न कमी ठेवलेले असते आणि बश्या कमी तापमानाला पाच ते सात दिवस ठेवतात. ३७ अंश आणि भरपूर पेप्टोन म्हणजे रोगजंतूंची मेजवानी. गोड्या पाण्यातील जीवाणू मात्र उपाशी राहण्यातच तयार झालेला असतो, आणि एकदम भरले ताट पुढे आले की तो वाढतच नाही. पाण्याचे सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी आमच्याकडे आली तर आम्हाला हवीच आहे, आणि पीएच.डी. करून आली तरी दार बंद होत नाही. फक्त तेव्हा तिला तिच्यापेक्षा लहान, पण नोकरीत पाच वर्षे पुढे गेलेल्या माणसाच्या हाताखाली बसावे लागेल. हे आधी सांगितलेले बरे.

मुलुंडची_खिडकी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गोविंदरावांनी विचारले ते माझ्याही मनात होते. 'जलचर' ताईंनी आता ते कडू सांगावे.

जलचर

सांगते.

नेट किंवा गेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. मुलुंडला आईवडिलांकडे राहणाऱ्या मुलीला हे पुरते. ते दर महिन्याला येतेच असे मात्र समजू नये. माझ्या एका विद्यार्थिनीला सलग सात महिने काही मिळाले नाही आणि एकदम थकबाकी आली. मधल्या काळात ती शिकवण्या घेत होती आणि नमुन्यांचे दिवसही चुकवत नव्हती.

त्यानंतरची दहा वर्षे अधिक कठीण असतात. पीएच.डी.नंतर एकदोन ठिकाणी, बहुधा परदेशी किंवा परराज्यात, तात्पुरती संशोधनपदे. मग कायम जागेची वाट. मुंबईत आयआयटीचा पर्यावरण विभाग, वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचे विभागीय केंद्र, विद्यापीठ आणि महाविद्यालये अशी ठिकाणे आहेत, पुण्यात आघारकर संस्था आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे. पण प्रत्येक ठिकाणी गोड्या पाण्याच्या सूक्ष्मजीवांसाठी जागा निघेलच असे नाही. निघते ती 'पर्यावरण जैवतंत्रज्ञान' किंवा तत्सम नावाने, आणि तलाव आपण त्यात हळूच घुसवायचा असतो. माझी कायम नेमणूक झाली तेव्हा मी ३८ वर्षांची होते.

आणि एक हकिगत. मी जेथे तेव्हा काम करत होते, त्या संस्थेतील उणे ८० अंशांचा फ्रीझर दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला. धोक्याची घंटा वाजली असणार, पण ऐकायला कोणी नव्हते. चौदा महिन्यांचे गाळणकागद एका जलाशयाचे, दर पंधरवड्याला एक याप्रमाणे, वितळून कोमट झाले. मी ते परत गोळा करू शकत नव्हते, कारण ते चौदा महिने परत येणार नव्हते. त्या वर्षीचा उशिरा आलेला पाऊस आणि त्यानंतरचा गढूळपणा पुन्हा तसाच घडणार नव्हता. उरली ती वही : तापमान, सामू, प्राणवायू आणि पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सेची तबकडी किती खोलीवर दिसेनाशी झाली त्याचे आकडे. पुढे तीन वर्षांनी दुसऱ्या एका प्रकल्पाला तेवढी वहीच कामी आली.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की या विषयात जे काही मोलाचे निघते ते एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे परत परत गेल्यावर निघते. नोकऱ्या, प्रकल्प आणि निधी मात्र तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत येतात. या दोन्हींचा मेळ आयुष्यभर घालत बसावा लागतो. विषय कठीण असल्यामुळे सोडून गेलेले मी फारसे पाहिले नाहीत, हा मेळ बसेना म्हणून गेलेले मात्र पुष्कळ पाहिले, आणि त्यांना मी दोष देत नाही. आपल्या कन्येने मार्गदर्शक निवडताना संस्थेचे नाव किंवा यंत्रांची यादी पाहू नये. त्या गटाकडे एखाद्या जलाशयाची किती वर्षांची सलग नोंद आहे आणि ती कोण सांभाळतो, एवढे विचारावे.

वाचनमात्र_वैदर्भीय

लोणार सरोवर २०२० मध्ये गुलाबी झाले होते, तो अभ्यास याच विषयात मोडतो का?

जलचर

सख्खा भाऊच, पण गोडा नव्हे. लोणारचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, आणि तो रंग क्षारप्रिय आर्कियांचा (जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या कुळातील सूक्ष्मजीवांचा) होता. पद्धती बहुतांशी याच. पुण्याच्या आघारकर संस्थेतही त्या पाण्याची तपासणी झाली होती.

हिशेबी_गोविंद

टोलेडोचे उदाहरण पटले. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण 'आयुष्य का घालवावे' हा भाग मागे घेतो. सरकारने पैसे नियमित द्यावेत, असा त्यात बदल करतो.

निवृत्त_जलपरीक्षक

धागाकर्त्यांना एक व्यवहारी सूचना. पीएच.डी. आणि नोकरी यांच्या मध्ये 'प्रकल्प साहाय्यक' नावाची पायरी असते. पगार बेताचा, मुदत वर्षभराची. तेवढ्यात पहिला पाऊस, पुराचे पाणी, हिवाळा आणि मे महिना असे चारही हंगाम अंगावर घेऊन होतात. ज्याला मे महिन्यातले तळे सोसवते त्याने पुढे जावे.

शुद्धजल_ठाणे

सहमत. नोकरीचे पत्र हातात असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मिळते का, हे तिने विचारून पाहावे. आमच्याकडे एकदा मिळाली होती. नाही म्हणतील, त्यापलीकडे काही करणार नाहीत.

मुलुंडची_खिडकी (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे.

कंपनीने तारीख पुढे ढकलली नाही, नम्रपणे नकार दिला. कन्येने एका वर्षाच्या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून जायचे ठरवले आणि मी हो म्हटले. नऊ वर्षांची सलग नोंद असलेला गट तिने स्वतः शोधला. त्यांना पत्र लिहिताना हा धागा तिने समोर उघडून ठेवला होता. मला अजून रात्री मधूनच जाग येते, ते राहू द्या.

मागच्या रविवारी रीतसर परवानगी असलेल्या गटाबरोबर सोबत म्हणून मीही गेलो होतो. काठावर बगळे होते, पाण्यावर धुके, आणि मला बर्फाची पेटी धरून उभे राहण्याचे काम दिले होते. सहा बाटल्या भरल्या. पेटी उचलण्यापूर्वी लेबले वाचायची जबाबदारी माझ्याकडे होती, तेव्हा चौथ्या बाटलीचे लेबल निळ्या शाईने लिहिलेले निघाले आणि त्यावर एक फिकट ओघळ एवढेच उरले होते. ते लेबल मीच आदल्या रात्री मदत म्हणून लिहिले होते. बाकी पाच बाटल्यांवरून ती कोणती हे सहज सांगता आले असते, निदान मला तसे वाटले. तिने मान हलवली, वहीत त्या ओळीवर 'रद्द' असे लिहिले, पाणी तलावात परत ओतले आणि नवी बाटली घेऊन पुन्हा धक्क्याच्या टोकाकडे गेली.